निर्जळी

सत्यनारायणाचा चौथा अध्याय संपला, शंख वाजला आणि ऋजुताच्या दंडावर, ब्लाउजच्या बाहीखाली, पट्टी थरथरली. एकदा, दोनदा, तीनदा. तीनदा म्हणजे आकडा चाळीसच्या वर गेला.

पळीतलं पाणी ताम्हनात पडायचं ते चौरंगावर सांडलं.

"गुरुजी, बरं वाटत नाही का?" यजमानीणबाईंनी हळूच विचारलं.

"काही नाही. पाचव्या अध्यायाला फुलं हातात घ्या."

कराडात बाईला गुरुजी म्हणायची लोकांना आता सवय झाली होती. ऋजुता दामले पंधरा वर्षं पौरोहित्य करत होती. आवाज बेताचा, उच्चार स्वच्छ, आणि घाई म्हणून नाही. तिच्या हातची पूजा झाली की घर शांत होतं, असं बायका म्हणत. त्या दिवशी मात्र तिनं पाचवा अध्याय भराभर उरकला. आरती झाली. ओळीनं तीसएक माणसांच्या ओंजळीत तिनं तीर्थ घातलं. हात कोपरापर्यंत ओला झाला, घशाला मात्र कालपासून थेंब नव्हता.

"तुम्ही घ्या की," एक आजोबा म्हणाले.

"माझी आज निर्जळी आहे."

"अहो, तीर्थ सगळ्या उपासांना चालतं!"

"मला नाही चालत, काका," ती म्हणाली आणि पळी खाली ठेवली.

जिन्यात आल्यावर तिनं फोन काढला. त्रेचाळीस.

त्या पट्टीला सगळे 'चाहूल' म्हणत. मागच्या मोठ्या तापाच्या साथीनंतर ती घरोघरी आली होती. शरीरात कुठलाही विषाणू शिरला की पेशी एकमेकींना हाकाटी घालतात. त्यासाठी त्या काही रसायनं सोडतात. ताप यायच्या आधी, खोकला सुरू व्हायच्या आधी ती रसायनं कातडीखालच्या पाण्यात उतरलेली असतात. नखाएवढ्या पट्टीच्या बारीक काट्यांना ती सापडतात आणि फोनवर शून्य ते शंभरमधला आकडा उमटतो. दहाच्या आत म्हणजे उत्तम. चाळीसच्या वर म्हणजे घरी थांबा. शत्रू कोण हे पट्टी सांगत नसे. कुणीतरी आलंय एवढंच सांगे. पण पाच-सहा वर्षांत लोकांना या आकड्याची इतकी सवय लागली की रक्त तपासणं मागे पडलं. शाळेच्या फाटकावर आकडा, कचेरीत आकडा, आणि दोन माणसं जवळ आली तरी आकडा.

तसंच तर झालं होतं.

दिग्विजय शेलार पाटणच्या वरच्या पठारावर पवनचक्क्यांची देखभाल करायचा. वय पंचेचाळीस, घटस्फोट होऊन आठ वर्षं झालेली. दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या यंत्रपूजेला ऋजुता तिथे पहिल्यांदा गेली तेव्हा तो म्हणाला होता, "गुरुजी, या सात नंबरच्या बाईला जरा जास्त अक्षता टाका. अमावास्या आली की रुसून बसते." ती हसली होती. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडल्यापासून परक्या पुरुषापुढे ती इतकं मोकळं हसली नव्हती. मग फोन सुरू झाले. पठारावरच्या कारवीचे फोटो आले. तिनं उपासाच्या भाजणीचा डबा पाठवला. आणि या खंडेनवमीला पूजेनंतर दुपारी त्याच्या क्वार्टरवर चहा झाला, बोलणं झालं, आणि बोलण्याच्या पुढचंही झालं.

त्याआधी दोघांनी एकमेकांना आकडे दाखवले होते. त्याचा नऊ. तिचा आठ. ते बघितल्यावर दुसरी कसली काळजी घ्यायची असते हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

उतरताना एसटीत ती गुणगुणत होती, हे तिला नंतर आठवायचं आणि जास्तच लाज वाटायची. दुसऱ्या दिवशी पहाटे समई लावताना तिचा हात थांबला. देव रागावलाय, असं तिला वाटलं नाही. आपण त्याच्यापासून काहीतरी लपवतोय, असं वाटलं. तिला एकच मार्ग ठाऊक होता. तिनं तीन दिवसांची निर्जळी धरली. दोन दिवस गेल्यावर आकडा एकोणीस झाला.

एकोणीस! आठ महिन्यांत तिचा आकडा दहाच्या वर गेला नव्हता. तिनं फोनवर वाचायला सुरुवात केली, आणि अशा वेळी जे वाचू नये ते सगळं वाचलं. एचआयव्ही हा शब्द तिनं एकदा वाचला आणि मग तोच सगळीकडे दिसायला लागला. शेलारला तिनं एका ओळीचा निरोप पाठवला: "माझा आकडा वाढलाय. फोन करू नका." त्यानं फोन केलेच. तिनं उचलले नाहीत.

मग सोमवार निर्जळी, गुरुवार निर्जळी, मधल्या दिवशी एक वेळ दूध. आकडा सव्वीस, एकतीस, पस्तीस. तो चढला की ती उपास वाढवायची. उपास वाढवला की तो आणखी चढायचा. देव ऐकत नाही म्हणजे पाप मोठं आहे, असा तिनं अर्थ लावला.

सत्यनारायण आटोपून ती घरी आली त्याच दुपारी थोरली बहीण मुग्धा आणि तिची लेक ईश्वरी लग्नाची पत्रिका घेऊन आल्या. तुळशीचं लग्न झालं की पाठोपाठ ईश्वरीचं.

"देवापुढे पहिली पत्रिका आणि दुसरी तुला," मुग्धा पंख्याखाली बसत म्हणाली. "ऋजू, मुहूर्त अकरा चाळीसचा. आणि ऐक, कार्यालयाच्या दारात आकड्याची कमान बसवलीय. चाळीसच्या वर असेल त्याला आत नाही, मग तो नवरदेव का असेना. परवा एका लग्नात मुलाच्या मामाला परत पाठवलं. नुसती सर्दी झाली होती बिचाऱ्याला! माणसं कुजबुजत होती, याला नेमकं काय झालंय म्हणून."

ऋजुतानं बाही खाली ओढली. "ताई, मला वाटतं तू दुसऱ्या कुणाला सांग. साताऱ्याच्या गोखले गुरुजींना विचारते मी."

"म्हणजे?"

"मला त्या दिवशी जमेलसं दिसत नाही."

"अगं, दिवस तुला विचारून काढला ना? तूच पंचांग घेऊन बसली होतीस!" मुग्धाचा आवाज चढला. "सख्ख्या भाचीचं लग्न, आणि हिला जमेलसं दिसत नाही. तिच्या सासरी काय सांगू? मावशीला फुरसत नाही?"

"आई, थांब जरा." ईश्वरी मावशीकडे बघत होती. "मावशी, तुझे ओठ बघ. चिरलेत सगळे."

"उपास चाललेत."

"कशासाठी?"

ऋजुता पत्रिकेवरचं कुंकू बोटानं सारखं करत बसली. मुग्धा रागानं चपला घालायला गेली तशी ईश्वरी वाकून मावशीच्या कानाशी म्हणाली, "चौथीत असताना तू मला शब्द दिलायस. माझं लग्न तूच लावणार. काय झालंय ते मला सांगू नकोस. पण कुणालातरी सांग."

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. खंडेनवमीपासून सतरावा दिवस. ऋजुता पाण्याचा थेंब न घेता साताऱ्याच्या एसटीत बसली. कराडातल्या दवाखान्यातल्या निम्म्या माणसांच्या घरचे सत्यनारायण तिच्या हातून झालेले. तिथे जायची तिची छाती नव्हती. सातारच्या तपासणी केंद्रात एक छोटी खोली होती, टेबलावर रक्ताच्या नळ्या आणि एक तांब्या-भांडं. समुपदेशक थोरातबाई पन्नाशी उलटलेल्या, जाड चष्म्याच्या. कागदावर काही लिहायच्या आधी त्यांनी पंखा कमी केला.

"सांगा. घाई नाही."

ऋजुतानं सांगितलं. आधी अडखळत, मग एका दमात. एवढं बोलायला तिला सतरा दिवस लागले होते. शेवटी तिनं फोन पुढे केला. आकडा सत्तेचाळीस.

थोरातबाईंनी आकड्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. त्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. "पाणी कधी प्यालात?"

"परवा सकाळी. म्हणजे... त्याच्या आदल्या रात्री नीट."

"आणि हे उपास खंडेनवमीनंतर सुरू झाले?"

"हो."

"पहिला उपास कधी आणि आकडा पहिल्यांदा वाढला कधी?"

ऋजुता बोटांवर मोजायला लागली आणि मोजता मोजता थांबली.

"आमटी करता ना तुम्ही?" थोरातबाई म्हणाल्या. "मीठ तेवढंच, पण पाणी आटलं तर खारट लागते की नाही? पट्टी कातडीखालच्या पाण्यात बघते. तुम्ही ते पाणीच आटवत बसलात. झोप नाही, अन्न नाही, त्याचीही भर. ही पट्टी बनवणाऱ्यांनी सगळं धरलं होतं, पण कुणी सतरा दिवस निर्जळीवर निर्जळी करील हे बिचाऱ्यांच्या डोक्यात कुठून येणार!"

"म्हणजे मला काही नाही?"

"असं मी म्हटलं नाही. हा आकडा त्याबद्दल काहीच सांगत नाही, एवढंच म्हटलं. रक्त आज घेते. आज 'नाही' आलं तरी ते अर्धं 'नाही'. विषाणू असला तर रक्तात दिसण्याइतका वाढायला त्याला वेळ लागतो. पंचेचाळिसाव्या दिवशी 'नाही' आलं की संपलं. आणि पहिल्या तीन दिवसांत आला असतात तर मी लागण अडवणारं औषध सुरू करून दिलं असतं. ते तीन दिवस गेले. पुढे कुणाला सांगायची वेळ आली तर हे तेवढं सांगा."

ते तीन दिवस ती देवघरात बसली होती. तिनं मान खाली घातली.

"त्यांनी तपासणी केली का?" थोरातबाईंनी विचारलं.

"त्यांचा आकडा नऊ होता."

"आकडा नका सांगू. रक्त तपासलं?"

"विचारलं नाही. विचारायचं म्हणजे... झालं ते झालं असं म्हणावं लागतं."

"हं. बाई, या आजारात हाकाटी पहिले काही आठवडेच होते. मग शरीर दमून गप्प बसतं. विषाणू आत मुक्कामाला, आणि पट्टीवर आकडा आठ-नऊ. अशी कितीतरी माणसं कमानीखालून हसत जातात."

"पण आम्ही दोघंही..." ऋजुता कळवळून म्हणाली, "म्हणजे आम्ही तसली माणसं नाही हो."

थोरातबाईंनी तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं आणि भांडं तिच्यापुढे सरकवलं.

"एकोणीस वर्षं मी तसल्या माणसांत आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "रोज एक गोळी घेत आले, आता सहा महिन्यांनी एक सुई. दोन मुलं आहेत, दोघंही ठणठणीत. हे भांडं माझंच आहे. प्या."

ऋजुताचा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला. अगदी निमिषभर. एकादशी आहे म्हणून थांबला असं तिला म्हणता आलं असतं, पण ते खरं नव्हतं, आणि समोरच्या बाईला ते कळलंय हेही तिला दिसलं. अशा थांबलेल्या हातांची त्यांना सवय असावी. सतरा दिवसांत ऋजुताला कशाकशाची लाज वाटली होती, पण या हाताची वाटली तितकी कशाचीच नाही.

तिनं भांडं उचललं आणि तोंडाला लावून घटाघटा रिकामं केलं. मग आणखी एक. तिसरं पिताना तिला रडू आलं.

तासाभरानं रक्ताचं उत्तर आलं. आजचं 'नाही'. अर्धं.

एसटी स्टँडच्या बाकावर बसून तिनं शेलारला फोन लावला. आकडा तोवर सव्वीसवर उतरला होता.

"गुरुजी!" पलीकडे पठारावरचा वारा ऐकू येत होता. "चौतीस फोन केले मी तुम्हाला."

"शेलार, रक्त तपासून घ्या."

वारा वाहत राहिला. "घेतलं. तुमचा निरोप आला त्याच आठवड्यात." त्यानं घसा खाकरला. "आहे मला. जुनं आहे म्हणाले, सहा-सात वर्षांचं. नाशिकला होतो, एकटा होतो, तेव्हाचं असणार. आणि सगळी वर्षं हा नऊचा आकडा बघत मी खुशाल! तुम्हाला हेच सांगायचं होतं. मेसेजमध्ये कसं लिहू?"

समोर कोल्हापूरची गाडी लागली. माणसं चढली, गाडी गेली.

"ऐकताय ना?" तो म्हणाला. "शिव्या द्या मला. पण काहीतरी बोला."

"औषध सुरू केलं?"

"गोळ्या दिल्यात. डबी टेबलावर आहे."

"म्हणजे घेत नाही?"

"तुमचं काय ते कळू दे आधी. तुम्हाला माझ्यामुळे काही झालं असलं, तर मी कोणत्या तोंडानं बरा होऊ?"

ऋजुता ताडकन उठून उभी राहिली. बाकावरची म्हातारी दचकली.

"हा कुठला उपास काढलात, शेलार?" आयुष्यात ती इतक्या मोठ्यानं कधी बोलली नव्हती. "कुणी सांगितला हा उपास? कुणाचं भलं होणार आहे त्यानं? मी सतरा दिवस हेच करून आलेय. आजपासून गोळी सुरू. रोज सकाळी सातला माझी पूजा होते. त्या वेळेला घ्यायची आणि मला कळवायचं. चुकायचं नाही."

"आणि तुम्ही फोन उचलणार?"

"ते बघू. आधी गोळी."

दुसऱ्या दिवशी सात वाजून दोन मिनिटांनी, समईची वात सारखी करताना, फोनवर एक शब्द आला: "घेतली." त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा. तिनं उत्तर कधी दिलं नाही. पण तो शब्द आल्याशिवाय तिनं आरतीही केली नाही. भीती गेली नव्हती. पूर्वी ती नुसती शंका होती, आता त्या शंकेला आधार मिळाला होता. एका वेळेनं लागण होण्याची शक्यता फार थोडी, हे थोरातबाईंनी फोनवर समजावून सांगितलं होतं. 'फार थोडी' म्हणजे 'नाही' नव्हे, हे तिचं मन दिवसातून दहा वेळा सांगायचं. तसं झालं की ती उठून एक भांडं पाणी प्यायची. सोमवार-गुरुवार सुटले. एकादशी तिनं ठेवली, पाणी पिऊन.

थोरातबाईंना तिनं आणखी एक गोष्ट विचारली होती. "माझ्या हातच्या अक्षता, माझ्या हातचं तीर्थ... लग्न लावू ना मी?"

"अक्षतांनी होत असतं," थोरातबाई म्हणाल्या, "तर माझं घर केव्हाच ओस पडलं असतं."

लग्नाच्या दिवशी, एकेचाळिसाव्या दिवशी, ती पूजेची पिशवी घेऊन कमानीखालून गेली. चौदा. हिरवा दिवा. तिचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच मागे भोंगा वाजला.

कमानीखाली मुग्धा उभी होती. पैठणी, नथ, हातात विड्यांचं ताट. वर लाल दिव्यात आकडा: बेचाळीस.

"अहो, मी मुलीची आई आहे!" मुग्धा दारावरच्या माणसाला सांगत होती. "मला काही झालेलं नाही!"

"ताई, नियम सगळ्यांना सारखा. आकडा उतरला तर आत घेतो."

मुलाकडची मंडळी थबकली. एका बाईनं पदर नाकाला लावला. कुणीतरी म्हणालं, "काय झालंय हो यांना?" मुग्धाचा चेहरा पांढराफटक पडला. मुहूर्ताला पाऊण तास होता.

ऋजुता परत कमानीबाहेर आली. "ताई, कालपासून काय पोटात आहे तुझ्या?"

"काय असणार? कन्यादानाचा उपास नाही का! आपल्यात पाणीसुद्धा घेत नाहीत. आणि आठवडाभर झोप कुठे आहे मला!"

"बस इथे." तिनं पिशवीतून कलशासाठी आणलेला तांब्या काढला, दारातल्या जारमधून भरला. "पी."

"वेडी आहेस का? मुलगी द्यायच्या आधी..."

"मी गुरुजी आहे ना या लग्नाची? मी सांगतेय. पाण्यानं उपास मोडत नाही. पी, ताई. सगळा पी."

मुग्धानं तांब्या रिकामा केला. ऋजुतानं पुन्हा भरला. दोघी बहिणी कार्यालयाच्या पायरीवर बसून राहिल्या, आणि मुलाकडची माणसं लांबून बघत राहिली. आकडा एकेचाळीस झाला. मग बराच वेळ हललाच नाही. मुहूर्ताला बारा मिनिटं उरली तेव्हा अडतीस आला आणि भोंग्याऐवजी हिरवा दिवा लागला.

उठताना मुग्धानं तिचं मनगट पकडलं. "तुला कसं कळलं, पाण्यानं उतरेल ते?"

"माझाही चढला होता."

"का?"

"सांगेन. मुलगी सासरी गेली की सगळं सांगेन. तू ऐकशील ना?"

मुग्धानं विड्यांचं ताट उचललं. "चल," ती म्हणाली. "मुहूर्त टळेल."

ऋजुतानं लग्न लावलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा तिचा आवाज जरा कापला, आणि ईश्वरीनं अक्षतांच्या पावसात मान वर करून मावशीकडे पाहिलं.

पंचेचाळिसाव्या दिवशी शेलार पाटणहून थेट साताऱ्याला आला. दिवस आणि केंद्राचा पत्ता तेवढा तिनं स्वतःहून कळवला होता. खंडेनवमीनंतर दोघं पहिल्यांदाच भेटत होती. तो वाळला होता. "नमस्कार, गुरुजी," एवढंच म्हणाला आणि बाहेरच्या बाकावर बसला.

आत थोरातबाईंनी रक्त घेतलं. तासाभरानं कागद आला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, आणि तिच्यापुढे ठेवला. ऋजुतानं दोनदा वाचला. मग डोळे मिटून बसली. हात जोडले नाहीत. ते मांडीवर नुसते पडून राहिले होते.

"हे भांडं जरा नेऊ का बाहेर?" तिनं थोड्या वेळानं विचारलं.

"न्या."

भरलेलं भांडं घेऊन ती बाकाशी आली. शेलार उठून उभा राहिला.

"आज सातला तुमचा निरोप आला नाही," ऋजुता म्हणाली.

"गाडीत होतो."

"गाडीत गोळी घेता येते."

त्यानं खिशातून डबी काढली. बोटांत धरून ठेवली. "म्हटलं, आज तुमचं कळू दे आधी."

"आधी गोळी."

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यावर काहीच वाचता आलं नाही. मग त्यानं गोळी जिभेवर ठेवली, तिच्या हातातलं भांडं घेतलं, ओठांना लावलं आणि गिळली.

"'नाही' आलं," ती म्हणाली. "पक्कं."

तो बाकावर बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. ऋजुता त्याच्या शेजारी बसली. मधे हातभर जागा सोडून, पण बसली. समोरून एक नर्स गेली, एक म्हातारा गेला.

भांड्यात दोन घोट पाणी उरलं होतं. तिनं ते त्याच्या हातातून घेतलं, आणि पिऊन टाकलं.